तासांची वही

पहाटे ५:३०

मोबाईल उशाशी घेऊन झोपायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. म्हणून तो स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो आणि चहाचं आधण ठेवल्यावरच मी तो हातात घेते. आज पेशंटांचे तीन मेसेज आहेत, तिन्ही साडेतीन ते साडेचारच्या मधले. 'मैडम, नींद खुल गई.' 'उठ गया हूँ, अब क्या करूँ.' तिसऱ्यात नुसता एक ठिपका. हा ठिपका आमच्यात ठरलेला आहे. त्याचा अर्थ, जाग आली, बरं वाटत नाहीये, पण जिवाला धोका नाही. वाक्य जुळवण्याइतकंही त्राण नसतं तेव्हा ठिपका चालतो.

नैराश्य आलेल्या माणसाला झोपच लागत नाही, असा समज आहे. पुष्कळांना लागते, पण नेहमीच्या वेळेआधी दोन-दोन तास उघडते, आणि जाग येते तीच थकलेली. सकाळ सगळ्यात जड जाते. दुपारी थोडं सुटल्यासारखं होतं आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला माणूस बरा दिसायला लागतो. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पण तीव्र नैराश्यात हा क्रम इतका ठरलेला असतो की मानसोपचाराच्या पुस्तकांत तो लक्षण म्हणून नोंदलेला आहे. घरच्यांना मात्र ही पुस्तकं माहीत नसतात. त्यांना दिसतं ते एवढंच, की सकाळी कामाच्या वेळी पांघरूण घेऊन पडलेली सून संध्याकाळी मुलांशी बोलते आहे. मग 'नाटक' हा शब्द घरात येतो. तो एकदा आला की काढायला गोळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो.

मी तिघांनाही एकच उत्तर पाठवते: तासांची वही उघडा, चारच्या ओळीत 'जाग' लिहा, पायात मोजे घाला, चहा करा. एवढंच.

सकाळी ७:४५

बाहेर धुकं इतकं की समोरच्या ब्लॉकचे दिवे तेवढे दिसतात. मी मूळची साताऱ्याची. नवरा पानिपत रिफायनरीत, म्हणून आम्ही इथे. पत्ता सांगितला की पुण्याचे नातेवाईक एकच विनोद करतात, तो इथे लिहीत नाही. जानेवारीत महाराष्ट्रातून गाड्या भरून लोक येतात. १४ तारखेला काला आंबच्या स्मारकाशी शौर्य दिवस होतो, भगवे फेटे दिसतात, रोड समाजाची मंडळी आपण मराठ्यांचे वंशज म्हणून अभिमानाने पाहुणचार करतात. पाहुणे १७६१ बद्दल सगळं विचारतात. ज्या शहरातून ते जातात त्याच्याबद्दल काही विचारत नाहीत. मी सुरुवातीला चिडायचे, आता दोन-चार जणांना कंबल कुठे स्वस्त मिळतं ते सांगून मोकळी होते.

शहर म्हणजे सूत, चादरी, सतरंज्या, मिंकची ब्लँकेटं आणि शॉडी. जगभरातल्या श्रीमंत देशांत लोकांनी टाकलेले लोकरीचे कपडे गठ्ठ्यांनी इथे येतात, फाडले जातात, पिंजून त्याचं पुन्हा सूत होतं. फाळणीनंतर इथले जुने विणकर पाकिस्तानात गेले आणि तिकडून आलेल्या निर्वासितांनी माग हातात घेतले. आता मागावर आणि पिंजणयंत्रावर बिहार, उत्तर प्रदेश, बंगालचे लोक आहेत. म्हणजे हे शहर तीन पिढ्या उखडून आलेल्या माणसांच्या हातांवर चालतं. मी समुपदेशक म्हणून इथे बसते तेव्हा हे आठवणीत ठेवावं लागतं.

सकाळी ९:३०

मॉडेल टाऊनच्या बाजूला एका मानसोपचारतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये माझी खोली आहे. खिडकी नाही, हीटर आहे. पुढे जी माणसं येतील त्यांचे तपशील मी बदलले आहेत, कुठे दोघींची एक केली आहे.

पहिली नवी पेशंट इसराना भागातली, चाळिशीची, घरात म्हशी. सोबत नवरा आणि प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. फाइल उघडली की दोन वर्षांचा प्रवास समोर येतो: ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, डोक्याचा सीटी स्कॅन, दुर्बिणीची तपासणी, पुन्हा ईसीजी. सगळं नॉर्मल. तक्रारी विचाराव्यात तर डोकं जड, छातीत जळजळ, 'घबराहट', हातापायात जीव नाही, भूक नाही. 'उदास' हा शब्द ती एकदाही उच्चारत नाही. आपल्याकडेही साताऱ्याच्या बाजूची बाई 'मन लागत नाही' म्हणायला दवाखान्यात जात नाही, 'अंग दुखतंय' म्हणायलाच जाते. मनाच्या तक्रारीसाठी गावाहून गाडीभाडं खर्च करून यायची कुणाची प्राज्ञा? अंगाच्या तक्रारीला रजा मिळते, जेवण झाकून ठेवलं जातं, नवरा सोबत येतो.

नवरा म्हणतो, "साँझ नै तो ठीक हो ज्या सै. रोटी बी बणा दे सै." संध्याकाळी ठीक होते की! मला सकाळचे मेसेज आठवतात. मी त्याला समजावते की हे दुखणं घड्याळ बघून चालतं, मधुमेहाची साखर जशी दिवसभर वरखाली होते. तो मान हलवतो. पटलेलं नाही, पण मधुमेह त्याच्या आईला होता, त्यामुळे वाक्य आत गेलंय.

मग त्याला काउंटरवर नवीन कार्ड करायला पाठवते. ही माझी जुनी युक्ती. कार्डाला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं तिची.

आमच्याकडे नऊ प्रश्नांचा एक तक्ता असतो, पीएचक्यू-९. मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच रस वाटला नाही, किती दिवस खिन्न वाटलं, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ होणं. प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून वर गेलं की गांभीर्याने बघायचं. हा तक्ता कागदावर भरून घेतला तर काम पाच मिनिटांत होतं आणि निम्मं खोटं भरलं जातं. मी तो गप्पांत विचारते. रस वाटतो का, असं विचारून उपयोग नाही. म्हैस व्यायली तेव्हा कसं वाटलं, असं विचारायचं. ती म्हणते, "के बेरा. मन्नै तो देखी बी कोन्या." काय माहीत, मी तर बघितलीही नाही. दोन वर्षांपूर्वी हीच बाई रात्रभर गोठ्यात बसली असती.

नववा प्रश्न मरणाचा. नवी मुलं शिकायला येतात तेव्हा इथे अडखळतात. त्यांना वाटतं विचारलं तर डोक्यात नसलेलं येईल. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस हलका होतो. मी आधी आडून विचारते, 'इससे तो ना रहती तो अच्छा, ऐसा लगता है?' आणि मग सरळ: मरायचा विचार येतो का? ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. मी पेन खाली ठेवते. पेन हातात असलं की माणूस जबानी देतोय असं वाटतं.

"आवै सै. फेर बालक दीखैं सैं."

येतो, मग मुलं दिसतात. पुढचे प्रश्न ठरलेले: कधी येतो, किती वेळ राहतो, काही ठरवलं होतं का, पूर्वी कधी काही केलं होतं का. तिने काही ठरवलेलं नाही. शेतावरचं फवारणीचं औषध कुठे असतं, किल्ली कुणाकडे, हे मी तिच्या परवानगीने नवऱ्यालाही विचारणार आहे. आजच्या आज ते घरातून हलवून दिराच्या कुलपात जाईल एवढं बघायचं. ज्या तासात मनात विचार येतो त्या तासात हाताशी काही नसणं, यावर जीव तगतो. तो तास निघून जातो.

सकाळी ११:१५

डॉक्टरांनी तपासून गोळी लिहिली आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ सांगितलं. थायरॉइड मंदावला तरी माणूस असाच दिसतो, ते आधी बघायला हवं. फाइलीत एवढे कागद, पण दोन वर्षांत ही साधी रक्ततपासणी नाही.

गोळी समजावून सांगायचं काम माझं. एस्सिटॅलोप्राम ही इथे नेहमी दिली जाणारी गोळी. नवऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: सवय लागेल का? या गोळीची नशा होत नाही. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-शांततेच्या गोळीची, आणि नेमकी तीच गावच्या मेडिकलवाल्याने तिला चिठ्ठीशिवाय सहा महिने दिली होती. कायद्याने ती विशेष यादीतली, चिठ्ठीची नोंद ठेवूनच विकायची.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची. गोळीचा त्रास पहिल्या आठवड्यात होतो: मळमळ, डोकं, थोडी बेचैनी. गुण यायला दोन ते चार आठवडे. म्हणजे आधी खर्च, मग मिळकत. पुष्कळ लोक याच पंधरवड्यात गोळी सोडतात आणि 'दवाईने काही झालं नाही' असं गावभर सांगतात. त्यानंतरचा सापळा उलटा: बरं वाटलं म्हणून सोडतात. बरं वाटायला लागल्यावरही सहा महिने, कधी जास्त, चालू ठेवावी लागते आणि थांबवायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. हे मी दोनदा सांगते आणि एकदा त्यांच्याकडून वदवून घेते. कार्डाच्या मागे कॅलेंडर काढून पहिल्या चौदा दिवसांवर फुल्या मारून देते. या फुल्यांच्या दिवसांत काही वाटलं तरी निर्णय घ्यायचा नाही, फोन करायचा.

नवरा जाता जाता दबक्या आवाजात विचारतो, पूर्वी हिने काही केलं असतं तर पोलीस केस झाली असती का? हा प्रश्न अजून सगळ्या घरांत असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, तो २०१८ पासून लागू झाला, स्पष्ट आहे की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानायचं, त्याला शिक्षा नाही, उलट सरकारने त्याला उपचार द्यायचे. भारतीय न्याय संहितेत तर जुनं ३०९ कलम आलेलंच नाही. तो 'अच्छा' म्हणतो, आणि खांद्यावरचं काहीतरी खाली उतरल्यासारखं दिसतं. मला शंका येते, ती त्याच्या स्वतःबद्दल. त्याच्यासाठी पुढच्या वेळी कार्ड काढायला तिला पाठवावं लागेल.

दुपारी १२:३०

एकवीस वर्षांचा मुलगा. घरच्यांनी किल्ला विकून, किल्ला म्हणजे इथला एकर, 'डंकी'ने, म्हणजे चोरवाटेने, अमेरिकेला पाठवला, परत आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानातून माणसं अमृतसरला उतरवली, त्यांत हरियाणातले बरेच होते, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. हा दुसऱ्या वाटेने आला, पण गावाला फरक कळत नाही. तो बोलत नाही. आज आम्ही अर्धा तास नीरज चोप्राबद्दल बोललो, त्याचं खंडरा गाव याच जिल्ह्यातलं. भाल्याबद्दल त्याला बरंच कळतं. वहीत त्याने एकच ओळ भरली आहे: संध्याकाळी सहा, मैदान, बघितलं. खेळला नाही, बघितलं. मला ते पुरे.

दुपारी १:४५

डबा. मेथीची भाजी आणि काकडीची कोशिंबीर. शेंगदाण्याचं कूट सासूबाई साताऱ्याहून पाठवतात. जेवताना एका हाताने फोन, कारण सरकारी कामं याच वेळात होतात. एका मजुराला सिव्हिलमध्ये पाठवायचंय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आणि फुकट गोळ्या मिळायला हव्यात, आणि ज्याच्याकडे फी नाही त्याच्यासाठी तोच रस्ता. त्याहून अवघड केस असेल तर रोहतकची पीजीआयएमएस, गोहानावरून रेल्वे जाते.

इथे बसून मला नेहमी एक गंमत वाटते. सामान्य आरोग्यसेवेतून मानसिक आजार बरे करायचे, त्यासाठी मोठं इस्पितळ नको, ही कल्पना भारतात जिथे करून बघितली गेली त्या पहिल्या दोन जागांपैकी एक हरियाणात आहे: रायपूर राणी. १९७५ च्या सुमाराला चंदीगडच्या पीजीआयचे डॉ. नरेंद्र नाथ विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाचा भाग म्हणून तिथल्या प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवलं आणि गावागावात काम सुरू केलं. दुसरी जागा बंगळूरजवळचं सकलवारा, निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेचं. त्या अनुभवावर १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. म्हणजे ज्या राज्यात ही गोष्ट शोधली गेली, त्याच राज्यात इसरान्याची बाई आज दोन वर्षं ईसीजी काढत फिरते.

निमहान्सने २०१५-१६ मध्ये देशाचं मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार झालेले, साधारण वीस प्रौढांत एक. आणि आजारी असूनही उपचार न मिळालेले सुमारे ८५ टक्के. सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. त्यांत हरियाणा नव्हता आणि महाराष्ट्रही नव्हता, हे आपल्याकडे भाषणांत आकडे फेकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

पण खरं सांगायचं तर मला आकड्यांहून वेळापत्रक जास्त छळतं. सरकारी ओपीडी सकाळची. नैराश्याची सगळ्यात वाईट वेळ सकाळची. दिहाडीचा, म्हणजे रोजंदारीचा, माणूस ओपीडीला आला की त्याची दिहाडी गेली, आणि सोबत बायको आली की दोघांची. जो माणूस सात वाजता पलंगावरून पाय खाली टाकू शकत नाही, त्याने आठ वाजता रांगेत उभं राहून कार्ड काढावं अशी ही व्यवस्था आहे. ज्याने ती आखली त्याला हा आजार माहीत नव्हता असं नाही. त्याला फक्त सकाळ आवडत असावी.

दुपारी ३:००

गुरुवारी मी बरसत रोडच्या बाजूला एका शॉडीच्या कारखान्यात जाते. मालकाने गोदामाशेजारची खोली दिली आहे. त्याला काही समाजसेवा करायची नाही. सुट्या कमी व्हाव्यात एवढाच त्याचा हिशेब, आणि तो मला चालतो.

छँटाईच्या हॉलमध्ये बायका ढिगांत बसलेल्या असतात. पायाखाली धरलेल्या विळीसारख्या पात्यावर कोट दाबायचा, ओढायचा. बटणं एकीकडे, चेन एकीकडे, अस्तर वेगळं. मग रंगांचे ढीग: लाल, निळा, करडा. हवेत कापसाचं, लोकरीचं पीठ तरंगतं, पापण्यांवर बसतं. मेघना गुप्ता यांचा २०१२ चा 'अनरॅव्हल' हा माहितीपट इथेच घडतो. त्यात या बायका परदेशी कपड्यांच्या मालकिणी कशा असतील याचे तर्क करतात. आजही करतात. आज एकीने एका कोटाच्या खिशातून सिनेमाचं तिकीट काढून मला दाखवलं.

खोलीत चौघी आल्या. माझं सगळं हत्यार म्हणजे चाळीस पानी वही. प्रत्येक पानावर डावीकडे पहाटे चार ते रात्री दहापर्यंतचे तास. प्रत्येक तासापुढे काय केलं ते एका शब्दात, आणि शून्य ते दहात मन किती जड. ज्यांना लिहिता येत नाही त्या ठिपके देतात. आठवडाभराने पान समोर ठेवलं की पेशंटला स्वतःलाच दिसतं, कुठल्या तासाला जीव जातो आणि कुठल्या तासाला थोडा परत येतो. बंगालच्या एका बाईच्या पानावर सगळीकडे आठ, नऊ. फक्त संध्याकाळी सहापुढे पाच. सहाला काय? तिने बरंच आठवून सांगितलं, हापशावर पाणी भरायला जाते, तिथे मालदाची एक शेजारीण भेटते. मग आम्ही या आठवड्यात एकच ठरवलं: पाणी एका खेपेऐवजी दोन खेपांत भरायचं.

हे मी शोधलेलं नाही. याला वर्तनसक्रियता म्हणतात. नैराश्यात माणूस वाट बघतो, बरं वाटलं की करीन. पण करणं थांबल्यामुळे बरं वाटायचे प्रसंगच बंद होतात, त्यामुळे अजून थांबतो. ही साखळी करण्याच्या बाजूने तोडायची. गोव्यात संगत या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल त्यांच्यातले, हे पद्धतशीर करून बघितलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ने निष्कर्ष छापले: तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्या पेशंटांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते; केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. पेशंट साधे नव्हते, बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे होते. कोकणी-मराठी बोलणाऱ्या दवाखान्यांतलं हे काम मी पानिपतच्या गोदामात भोजपुरी-बंगालीत करते, आणि चालतं.

चालत नाही ते 'सकारात्मक विचार करा'. हॉलच्या भिंतीवर सूर्योदयाचं चित्र असलेलं तसं एक पोस्टर आहे. सकाळी नऊ गुण जड असलेल्या माणसाला ते वाचून दहा होतात. मालकाला मी दोनदा सांगितलं. तो म्हणतो, बाईजी, ते छताची गळती झाकायला लावलंय.

ठेकेदार दारात येऊन घड्याळ बघतो. पीस रेटवर काम असल्यामुळे या खोलीतली वीस मिनिटंही त्यांच्या मजुरीतून जातात. म्हणून मी दोघी-दोघींना बोलावते, म्हणजे एकीच्या ढिगाकडे दुसरी लक्ष ठेवते. या वेळेचा मोबदला मालकाने द्यावा असं माझं मागणं आहे. तो 'देखते हैं' म्हणतो.

संध्याकाळी ५:४५

परतताना जुन्या शहरातून यावं लागतं. गुरुवार म्हणून बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याकडे गर्दी आहे. याच आवारात उर्दूचे कवी हाली यांची कबर आहे, ते पानिपतचेच. माझ्या पेशंटांपैकी निम्मे तरी इथे कधी ना कधी आलेले असतात, हिंदू काय, मुसलमान काय. घरच्यांच्या मते 'ओपरी' लागलेली असते, बाहेरचं काहीतरी. सुरुवातीला काही सहकारी मला म्हणायचे, अंधश्रद्धा आहे, तोडून टाक. मी तोडत नाही. दर्ग्यात कुणी तिला नाटकी म्हणत नाही, तास दोन तास मोकळी बसू देतात, सोबत घरचे येतात. माझ्या वहीत ते तास पाचाचे, सहाचे निघतात. साखळीने बांधतात, मारतात, गोळ्या बंद करायला लावतात तिथे मात्र मी आवाज चढवते. जियारतला जा, गोळी खिशात ठेवा. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की काउंटरवरचा मुलगा ते माझ्याआधी म्हणून टाकतो.

संध्याकाळी ७:१५

सोलापूरचे एक डाइंग मास्टर इथल्या मिलमध्ये आहेत. पेशंट ते. फोन करते ती त्यांची बायको.

"ताई, आज दाढी केली त्यांनी."

"वा. स्वतःहून?"

"मी पाणी तापवून ठेवलं फक्त. तुम्ही म्हणाला होतात ना, सांगायचं नाही, ठेवायचं. पण ताई, सासूबाईंना सोलापूरला काय सांगू? त्या म्हणतात, पगार आहे, पोरगी इंजिनिअरिंगला आहे, याला काय कमी आहे?"

"त्यांना सांगा, बीपी वाढलं तेव्हा काय कमी होतं?"

ती हसते. मास्टरांना हिंदी उत्तम येतं, मिलमध्ये शिव्यासुद्धा हिंदीत देतात. पण पहिल्या भेटीत डॉक्टरांसमोर ते 'ठीक है' यापलीकडे गेले नाहीत. माझ्याशी मराठीत बोलताना तिसऱ्या मिनिटाला रडले. रंगाची एक बॅच बिघडली होती, आणि त्यानंतर रोज पहाटे चारला आपण मिल बुडवली असं त्यांना वाटायचं. मिल जोरात चालू होती. असा अपराधभाव हे आजाराचं लक्षण आहे हे त्यांना त्यांच्या भाषेत ऐकायचं होतं. परमुलखात राहणाऱ्या मराठी घरांना मी म्हणून दोन गोष्टी सांगते. एक, टेली-मानस: १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, वीस भाषांत. दुसरं, ठाण्याची डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही संस्था असो की अजून कुणी, आपल्या भाषेतलं समुपदेशन आता दुरूनही मिळतं. गोळ्यांसाठी मात्र जवळचा डॉक्टर हवाच. सोलापूरच्या ओळखीच्या डॉक्टरने फोनवर गोळी बदलायची, हे चालायचं नाही. विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावा लागतो, २०१७ च्याच कायद्यात आहे, तेही सांगते. मिलच्या पॉलिसीत तिने वाचून बघायचं कबूल केलंय.

रात्री ९:००

नोंदी लिहिणं. कुणाचा नववा प्रश्न आज कसा होता, ते आधी. बाकी सगळं नंतर. पंधरवड्यातून एकदा मी माझ्या केसेस माझ्याहून अनुभवी बाईंसमोर मांडते, त्यांच्यासाठी आजचा इसरान्याचा नवरा वेगळ्या कागदावर. दहानंतर माझा फोन आपोआप उत्तर देतो: सकाळी बोलू, आत्ताच बोलायचं असेल तर १४४१६, धोका असेल तर घरातल्याला उठवा आणि सिव्हिलच्या इमर्जन्सीत जा. पूर्वी मी रात्री दोनलाही उचलायचे. त्याने कुणाचं भलं झालं नाही, पेशंटांना एकच दार माहीत राहिलं.

पावणेदहाला त्याच नवऱ्याचा फोन. फवारणीचं औषध दिराकडे दिलं, कुलूप लावलं. मग मुद्दा: पुढच्या गुरुवारी जमणार नाही, ऊस गाडीत भरायचाय. रविवारी येऊ?

रविवारी क्लिनिक बंद.

मग तिला एकटीला पाठवू? ती एकटी कधी पानिपतला आलेली नाही. रोडवेजची बस गावातून सकाळी आहे.

सकाळची नको, मी म्हणते. दुपारची कुठली आहे?

तो कुणालातरी विचारतो. मागे टीव्ही चालू आहे, कुणीतरी भांडी आवरतंय. दीडची एक खाजगी आहे, थोडी महाग.

दीडची बघा, मी म्हणते. भाड्याचा फरक फीमधून वजा करता येतो का ते मी डॉक्टरांना विचारते. आणि सोबत तिची नणंद येऊ शकेल का, तेही विचारा. तिला विचारून सांगा.